वूड्स म्हणजे लाकडे नव्हे



इंग्रजी नामाला एस लावला की अनेकवचन होते, हे आपण मुलांकडून घोकून घेतो. बुक, बुक्स. ट्री, ट्रीज. मग गोष्ट वाचताना 'वूड्स' येतो. वूड म्हणजे लाकूड, तर वूड्स म्हणजे लाकडे! लाल टोपीवाली मुलगी लाकडांतून आजीकडे निघाली, असा अर्थ लावून मूल गप्प बसतं. नियम त्याने बरोबर लावलेला असतो, पण गोष्ट हातची जाते. अशा उत्तरावर नुसती लाल फुली मारू नये, असं मला वाटतं. घरी अहिराणी किंवा कोकणी, शाळेत मराठी आणि वर ही इंग्रजी; मूल आधीच बिचकलेलं असतं.

वूड्स म्हणजे झाडी, रान. खूप मोठ्या अरण्याला बहुधा फॉरेस्ट म्हणतात, वूड्स त्याहून लहान. कोंडाईबारीचा घाट पाहिलेल्या आपल्या मुलांना झाडी म्हटलं की पुरतं. 'रान' सांगताना मात्र जपावं. रानात गेले म्हणजे वावरात गेले, असाही अर्थ निघतो.

गंमत म्हणजे एकवचनी वूडही कधी रान असतं. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधलं बर्नम वूड तसंच. म्हणून शेवटी वाक्यच पाहावं लागतं. टेबल 'मेड ऑफ वूड' असेल तर लाकूड, कोणी 'इन द वूड्स' हरवलं असेल तर झाडी.

रॉबर्ट फ्रॉस्टची 'स्टॉपिंग बाय वूड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग' ही 1923 सालची कविता पंडित नेहरूंना फार प्रिय होती. तिच्या शेवटच्या ओळी त्यांनी स्वतः लिहून टेबलावर ठेवल्या होत्या. बर्फ पडत असताना एक प्रवासी झाडीजवळ थांबतो. ती शांत, काळोखी झाडी त्याला ओढते, पण दिलेला शब्द पाळायचा आहे म्हणून त्याला पुढे जावंच लागतं. इथे वूड्सची लाकडे केली तर तो बिचारा सरपणाच्या ढिगाशी उभा राहील!

वॉटर्स, सँड्स हेही असेच. वॉटर्स म्हणजे नदी-समुद्राचा विस्तार, सँड्स म्हणजे दूरवर पसरलेली वाळू. अ‍ॅशेस म्हणजे कधी राख, तर कधी आपल्या अस्थी.

मराठीतही काही शब्द अनेकवचनातच नांदतात: हाल, डोहाळे, अक्षता. वर्गात आधी हे काढून घ्यावेत, मग वूड्सकडे वळावं. 'एक पोहा' म्हटलं की मुलं खो खो हसतात आणि मग आपणहून असे शब्द शोधू लागतात.