मॉड्यूल मेलं म्हणण्याआधी

कन्नड तालुक्यातून आलं-मका भरून निघणाऱ्या ट्रकांच्या वायरिंगची कामं मी करतो. ‘एबीएसची बत्ती विझत नाही, मॉड्यूल गेलंय’ असं सांगत ड्रायव्हर आला, की मी मॉड्यूल सोडून बाकी सगळं आधी तपासतो.

एका मालकाने बाहेरगावी मॉड्यूल बदलून घेतलं होतं, बत्ती तशीच. मीटर लावला तर सप्लाय पूर्ण 24 व्होल्ट! फसगत होते ती इथेच. मीटर करंट जवळपास ओढतच नाही, म्हणून गंजून शेवटच्या धाग्यावर आलेली वायरही त्याला ठणठणीत दिसते. मॉड्यूलचं सॉकेट काढून सप्लाय आणि अर्थच्या पिनांमध्ये इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब जोडला, तर तो निखाऱ्यासारखा नुसता लालसर. चासीवरचा अर्थ हिरवा पडला होता. घासून घट्ट आवळला, बत्ती विझली. जुनं, बहुधा चांगलं असलेलं मॉड्यूल तोवर भंगारात गेलं होतं.

बल्ब लख्ख पेटला तर पुढे सेन्सर. चाक जॅकवर घ्या, मीटर एसी व्होल्टवर ठेवा, चाक हाताने सारख्याच वेगाने फिरवा आणि डाव्या-उजव्याचे आकडे ताडून बघा. बेअरिंग ढिली झाली की सेन्सर दात्यांच्या रिंगपासून मागे सरकतो. तो हाताने रिंगला टेकेपर्यंत ढकलायचा. हातोडी नको. व्हॉल्व्हच्या कॉइलही एकमेकींशी ताडा. एवढं करून सगळं ठीक निघालं आणि तरी स्कॅनर आतलाच दोष दाखवत असेल, तर मॉड्यूल बदला. पण पार्ट नंबर जुळवून, गाडीप्रमाणे सेटिंग भरून. काहीजण आतलं कार्ड सोल्डर करून देतात. ब्रेकच्या बाबतीत मी ते करत नाही.

चाकं जाम होऊ न देणारं एबीएस बंद पडलं तरी हवेचे ब्रेक लागतात, त्यामुळे ड्रायव्हर निर्धास्त असतात. कन्नडजवळचा औट्रम घाट 2023 मध्ये अवजड वाहनांना बंद झाला, तो उतरायचाच नाही म्हणून तर आणखीच. पण त्याऐवजी नांदगावमार्गे गेलं तरी पावसात रस्ता ओलाच असतो, आणि रिकाम्या गाडीची चाकं जाम व्हायला वेळ लागत नाही.

चासीवर वेल्डिंग करायचं तर आधी बॅटरी आणि मॉड्यूलचं सॉकेट सोडवा. जुनी गाडी घेताना इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवा. एबीएसची बत्ती पेटलीच नाही, तर बल्ब काढलेला असू शकतो. कधी ती ऑइल प्रेशरच्या बत्तीला जोडलेली सापडते, इंजिन सुरू होताच विझते. दोन्ही बत्त्या अगदी एकाच क्षणी गेल्या, तर डॅशबोर्ड उघडून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.