उबवणीच्या अंड्यातील रक्तवाहिन्यांची घडण

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू एकविसाव्या दिवशी बाहेर पडते. परंतु ते जगेल किंवा नाही, याचा निकाल पुष्कळदा पहिल्या तीन-चार दिवसांतच लागतो. याच काळात गर्भाच्या रक्तवाहिन्या तयार होतात.

फलित अंड्याच्या बलकावर प्रारंभी गर्भाची केवळ एक पांढुरकी चकती असते. सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस ऊब मिळताच तिची वाढ सुरू होते. तिच्या प्रत्येक पेशीत सर्व जनुके असतात. परंतु कोठारात सर्व बियाणे असले तरी हंगामाचेच पेरावे, त्याप्रमाणे ठरावीक वेळी ठरावीक जनुकेच जागृत होतात व त्यांच्या सूचनेनुसार प्रथिने बनतात. त्यांपैकी ‘व्हीईजीएफ’ या प्रथिनाचा संदेश मिळताच बलकावरील काही पेशी एकत्र येऊन रक्ताची बेटे बनतात. बेटांच्या कडेच्या पेशींपासून वाहिन्यांच्या भिंती व आतील पेशींपासून रक्तपेशी तयार होतात. पुढे ही बेटे जोडली जाऊन जाळे बनते. दुसऱ्या दिवशी हृदय धडधडू लागते आणि बलकातील पोषण गर्भास मिळू लागते.

हे काम किती नाजूक आहे, ते १९९६ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी केली तरी वाहिन्या नीट बनल्या नाहीत व गर्भ पोटातच दगावले.

अंडी उष्ण जागी साठविल्यास गर्भाची वाढ अवेळी सुरू होते, अर्धवट राहते व गर्भ दुबळा होतो. म्हणून उबवणीची अंडी ओल्या वाळूवरील माठात, शक्य तितकी गार ठेवावीत व आठवड्याच्या आत खुडूक कोंबडीखाली बसवावीत.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या उजेडावर अंडी तपासावीत:

१. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्यास गर्भ जिवंत आहे.

२. केवळ तांबडे कडे दिसल्यास वाहिन्या बनू लागल्यावर गर्भ मेला आहे.

३. काहीच न दिसल्यास अंडे बहुधा अफलित आहे.

दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारची अंडी काढून टाकावीत आणि प्रत्येक प्रकारची संख्या लिहून ठेवावी. तांबड्या कड्याची अंडी अधिक निघाल्यास नराला दोष देऊन तो बदलू नये. अंडी फलित झाली होती, हेच ते कडे सांगते. अशा वेळी प्रथम साठवणीची जागा व उबेतील खंड तपासावा.