वेपला शेवटचा झुरका नसतो

डॉक्टरांनी छोट्या यंत्राची नळी पुढे केली. "पंधरा सेकंद श्वास रोखा, मग सावकाश फुंका." मी फुंकलं. आकडा आला 14.

श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं ते यंत्र होतं. सिगारेट न ओढणाऱ्याचा आकडा सहसा 6 च्या आत राहतो. वेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, काही जळत नाही, म्हणून नुसत्या वेपने तो एवढा चढत नाही. आणि दोनच मिनिटांपूर्वी मी त्यांना सांगितलं होतं, "सिगारेट जवळजवळ सुटली, आता वेपवर आहे."

हा माझा दुसरा प्रयत्न होता. बावीस वर्षं रोज पाकीटभर ओढल्यावर 2018 मध्ये निकोटिनच्या गमवर सोडायला गेलो आणि अकराव्या दिवशी पुन्हा टपरीवर उभा राहिलो. 2023 मध्ये वेपकडे वळलो तो इंग्लंडमधल्या लेस्टरला राहणाऱ्या मेहुण्याचं बघून. त्याची सिगारेट वेपने खरोखर सुटली होती. मी जरा वाचलंही. इंग्लंडमध्ये 886 जणांवर झालेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला होता. वर्षभरानंतर वेपच्या गटातले 18 टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, पॅच-गमच्या गटातले 9.9 टक्के. मला हवं होतं तेवढं मिळालं आणि मी तिथेच थांबलो. पुढे लिहिलं होतं की वेपच्या गटात ज्यांना यश आलं, त्यांतले 80 टक्के वर्षानंतरही वेप ओढत होते. शिवाय दोन्ही गटांना निदान चार आठवडे दर आठवड्याला समुपदेशन मिळत होतं. माझ्यासोबत कोणी नव्हतं.

आपल्याकडे 2019 पासून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यावर कायद्याने बंदी आहे. तरी पुण्यात मला ती मिळाली, कशी ते सांगत नाही. वेष्टनावर '5 टक्के' छापलं होतं. म्हणजे मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम निकोटिन. ब्रिटनमध्ये कायद्याची मर्यादा 20 ची आहे. आणि चोरट्या मालावर छापलेलं तरी खरं कशावरून? आत काय भरलंय, हे विचारायला जागाच नसते.

पण माझं खरं नुकसान दुसऱ्याच गोष्टीने केलं. सिगारेट संपते. बोटांना चटका बसतो, थोटूक विझवावं लागतं, पाकीट रिकामं होतं, खाली उतरावं लागतं. त्या प्रत्येक ठिकाणी माणूस क्षणभर थांबतो. वेपला असं थांबणंच नाही. त्यातलं निकोटिन क्षाररूपात असल्यामुळे घशाला खवखवत नाही, म्हणून झुरक्यावर झुरका जातो. मी मीटिंगच्या आधी, लिफ्टमध्ये, रात्री कूस बदलताना ओढू लागलो. बायको एकदा म्हणाली, "आधी निदान गॅलरीत तरी जात होता." तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मला ती अजून ऐकू येते.

आणि टपरी सुटली नव्हतीच. चहाबरोबर सुटी सिगारेट, दिवसाला चार-पाच. महाराष्ट्रात सुट्या विक्रीवर 2020 मध्ये बंदी आली, पण टपरीवर ती मिळत राहिली. ऑफिसात वेप, टपरीवर सिगारेट. निकोटिन दोन्हीकडून. रात्री छाती धडधडायची, सकाळी मळमळायचं. त्यासाठीच मी डॉक्टरांकडे गेलो होतो.

त्यांनी रागावण्याऐवजी गम कसा चघळायचा ते शिकवलं. 2018 मध्ये मी तो साध्या च्युइंगगमसारखा चघळून लाळ गिळत होतो, म्हणून उचक्या आणि जळजळ. तो हळू चघळायचा, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चुरचुर ओसरली की पुन्हा चघळायचा. असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही. माझी पहिली सिगारेट उठल्या-उठल्या असायची, म्हणून त्यांनी 4 मिलिग्रॅमचा लिहून दिला. सोबत 1800-11-2356 हा तंबाखू सोडायला मदत करणारा मोफत राष्ट्रीय क्रमांक दिला. फोन लावला तेव्हा पलीकडच्या बाईंनी मराठीतच विचारलं, "तारीख कोणती ठरवूया?" त्या प्रश्नाने मला पहिल्यांदा धीर आला.

तुम्ही भारतात असाल तर कृपा करून वेपच्या वाटेला जाऊ नका. गम, पॅच, गोळ्या यांची मात्रा ठरलेली असते आणि कमी कशी करायची ते सांगणारं माणूस मिळतं. तुम्ही ब्रिटनमध्ये असाल आणि तिथल्या आरोग्यसेवेच्या मदतीने वेप घेणार असाल, तर मेहुण्याने केलं तसं करा. पहिल्याच दिवशी सिगारेट पूर्ण बंद, एकही नाही. मग वेपमधलं निकोटिन 20 वरून 12, 6, 3 अशा पायऱ्यांनी कमी करायचं, आणि वेप बंद करायची तारीखही आधीच लिहून ठेवलेली. हे त्याने मला 2023 मध्येही सांगितलं होतं. मी फक्त "दाजी, वास येत नाही" एवढंच ऐकलं. आणि ज्यांनी कधी सिगारेट ओढलीच नाही, त्या मुलामुलींनी वेप हातातही धरू नये.

तलफ येते तेव्हा ती कधीच जाणार नाही असं वाटतं. घड्याळ लावून बघा, पाचेक मिनिटांत ओसरते. मी तेवढ्या वेळात जिना उतरून पुन्हा चढतो.

ठरवलेल्या त्या तारखेला आज सात महिने झाले. गम दिवसाला तीनवर आलाय. सकाळचा आणि दुपारचा पुढच्या महिन्यात सुटेल असं वाटतं. रात्रीच्या जेवणानंतरचा मात्र अजून सुटत नाही.