उन्हात काम करणारी पांढरी भुकटी


उन्हाळ्यात आपल्या अमरावतीचे ऊन कोणालाच नको असते. पण या उन्हाला कामाला लावणारी एक भुकटी आहे. तिचे नाव टायटॅनियम डायऑक्साइड.

कोठून मिळते? – इल्मेनाइट नावाच्या काळ्या खनिज वाळूपासून ती तयार करतात. ही वाळू आपल्या महाराष्ट्रात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आहे. गंमत पाहा, वाळू काळी अन् भुकटी पांढरीशुभ्र!

गुणधर्म –
१) ती पाण्यात विरघळत नाही.
२) उन्हातले अतिनील किरण तिच्यावर पडले, की हवा व ओलावा यांच्या मदतीने तिच्या पृष्ठभागावर फार क्रियाशील कण तयार होतात. ते तेलकट मळ आणि जंतू यांना तोडून टाकतात.
३) एवढे करून भुकटी स्वतः संपत नाही. म्हणून तिला प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात.

१९७२ साली जपानच्या फुजिशिमा व होंडा या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले, की हिच्यावर प्रकाश पाडून पाण्यापासून हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे करता येतात. तेव्हापासून हिचा अभ्यास वाढला.

उपयोग – पांढरा ऑइलपेंट, आपोआप स्वच्छ राहणाऱ्या काचा व फरश्या. रोममध्ये २००३ साली पूर्ण झालेल्या एका चर्चला ही भुकटी घातलेले सिमेंट वापरले आहे.

करून पाहा – उन्हातल्या जुन्या पांढऱ्या ऑइलपेंटवरून बोट फिरवा. बोटाला पांढरं लागतं ना? ऊन आणि ही भुकटी मिळून रंगातला चिकट भाग हळूहळू तोडतात, म्हणून रंग असा सुटतो.

माझी आजी दर्यापूर तालुक्यातली, म्हणजे खारपाणपट्ट्यातली. हे ऐकून तिने विचारले, "मंग यानं आमचं खारं पानी गोड होईन काय?" उत्तर आहे, नाही. ही भुकटी मळ तोडते, मीठ नाही. पाण्यात विरघळलेले क्षार तसेच राहतात. ते काढायला आर.ओ.सारखे यंत्रच लागते. शिवाय गढूळ पाण्यात ऊन आत पोचत नाही, मग ही भुकटी काय करणार?

म्हणून कोणी "पावडर टाका, पाणी शुद्ध" म्हटले, तर आधी विचारा – पाण्यात आहे काय? जंतू, की क्षार? जंतूंसाठी पाणी उकळणे हाच घरचा खात्रीचा उपाय. ही भुकटी पाण्यात टाकून पिऊ नये, नाकातही जाऊ देऊ नये.

सांगा पाहू – अंधाऱ्या खोलीत ही भुकटी जंतू मारील का? का नाही?

– इयत्ता सातवी, राजापेठ