राष्ट्रध्वज : लावावा कसा, उतरवावा कसा

मी नोकरीस लागलो त्या वर्षीच्या २६ जानेवारीची गोष्ट प्रथम सांगतो. महाविद्यालय दुसरे होते. त्याचे नाव येथे नको. ध्वजाची घडी घालून ती दोराला बांधण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले होते. एन.सी.सी.त होतो, तेव्हा त्यात शिकण्यासारखे काय, असा माझा समज. सकाळी प्राचार्यांनी दोर ओढला, पाकळ्या खाली पडल्या आणि ध्वज उलगडला तो हिरवा पट्टा वर घेऊनच. राष्ट्रगीत सुरू झाले होते, त्यामुळे कोणालाच हलता येईना. ते संपल्यावर ध्वज उतरवून पुन्हा चढवला.

हे काम वर्षानुवर्षे शिपाईमामांकडे असल्यामुळे लेखी खुलासा त्यांच्याकडे मागितला गेला. मी दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांना खरे ते सांगितले, तेव्हा खुलाशाचा कागद मागे घेतला गेला. मामांची क्षमा मागायला गेलो तर ते म्हणाले, "घडीत गेलं की दोन्ही बाजू सारख्याच की सर! वरच्या दोराला केशरी धागा बांधून ठेवा." तेव्हापासून मी ध्वजसंहिता नीट वाचू लागलो.

१९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार केशरी पट्टा हेतुपुरस्सर खाली ठेवणे हा अवमान ठरतो. माझ्या हातून झाले त्यात हेतू नव्हता, पण पाहणाऱ्याला हेतू दिसत नाही, ध्वज दिसतो.

सध्याची ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. मी शिकलो त्यातले बरेच तिने व नंतरच्या दुरुस्त्यांनी बदलले. पूर्वी सामान्य नागरिकाला ठराविक दिवशीच घरावर ध्वज लावता येई. आता कोणत्याही दिवशी येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हा हक्क अभिव्यक्तीच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. सूर्यास्ताला ध्वज उतरवलाच पाहिजे, हे आम्ही घोकलेले. २०२२ च्या दुरुस्तीने उघड्या जागी वा घरावर तो रात्रंदिवस ठेवण्यास मोकळीक दिली. हाताने कातून विणलेल्या कापडाची अटही २०२१ च्या अखेरीस सैल झाली आणि यंत्रावरचे पॉलिएस्टर चालू लागले. मला स्वतःला खादीचाच ध्वज आवडतो. ज्याचे कापड धारवाड तालुक्यातल्या गरगसारख्या गावी विणले जाते आणि जो हुबळीच्या बेंगेरीत शिवला जातो, तो आपल्या शेजारचाच म्हणायचा. असो.

जे बदलले नाही ते मात्र बारकाईने पाहावे. ध्वजाची लांबी-रुंदी ३:२ असावी. तो झपाट्याने चढवावा आणि सावकाश, अदबीने उतरवावा. आपल्याकडे बहुधा याच्या उलट होते, कारण उतरवताना पाहायला कोणी नसते. भिंतीवर उभा लावल्यास केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हातास यावा. व्यासपीठावर काठीसह ठेवल्यास तो वक्त्याच्या उजव्या हाताला असावा. टेबलावर अंथरणे, पुतळ्यावरचे आवरण म्हणून वापरणे किंवा त्यावर संस्थेचे नाव लिहिणे निषिद्ध आहे. उलगडण्यापूर्वी आत पाकळ्या ठेवता येतात, पण काठीच्या टोकावर हार वा फुले चालत नाहीत. दरवर्षी कोणीतरी हौशी विद्यार्थी हार घेऊन येतोच, म्हणून मुद्दाम सांगितले.

आपल्या सीमाभागात झेंड्यांना तोटा नाही. जयंती असो, मोर्चा असो, संमेलन असो, प्रत्येकाचा रंग निराळा. त्यांचा मान ज्याच्या त्याच्या ठिकाणी. परंतु राष्ट्रध्वजाच्या वर किंवा बरोबरीने दुसरा ध्वज नको, आणि एकाच काठीवर तर नकोच. मिरवणुकीसाठी बांधलेल्या पताकांची दोरी ध्वजकाठीवरून नेलेली मी पाहिली आहे. बांधणाऱ्याला उंच आधार हवा होता, इतकेच. तरी ती सोडवावी लागली.

सर्वांत अधिक चुका होतात त्या ध्वज अर्ध्यावर उतरवताना. दुखवट्याच्या दिवशी ध्वज खालून अर्ध्यापर्यंत चढवून तेथेच दोर बांधतात, ते चूक. तो प्रथम काठीच्या टोकापर्यंत न्यावयाचा आणि मग अर्ध्यावर आणावयाचा. उतरवतानाही पुन्हा टोकापर्यंत चढवून मगच खाली घ्यावयाचा. दुखवटा कोणासाठी व किती दिवस पाळायचा हे सरकार कळवते. आपल्या मनाने ध्वज अर्ध्यावर आणू नये, मग प्रसंग कितीही दुःखाचा असो.

उतरवलेला ध्वज दोघांनी आडवा धरावा. केशरी व हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडावा. मग पांढरा पट्टा दोन्ही टोकांकडून मध्याकडे असा दुमडावा, की अशोकचक्र आणि दोन्ही रंगांच्या कडा तेवढ्या दिसाव्यात. घडी तळहातांवर न्यावी. काखेत मारून नव्हे. ध्वज फाटला वा विटला तर तो फडकवू नये, आणि रद्दीतही टाकू नये. एकांतात, शक्यतो जाळून, संपूर्ण नष्ट करावा. समारंभानंतर मैदानावर पडणारे कागदी ध्वजही याच नियमात येतात. ते गोळा करण्यास निदान चारजण थांबा.

आमच्या कार्यालयातील कपाटात ध्वजाबरोबर दोराचे भेंडोळे आहे. त्याच्या वरच्या टोकाला केशरी धागा बांधलेला आढळेल. तो काढू नका.