थंडीतील उघड्यावरची झोप : बाळ, आई आणि समाज

प्रास्ताविक

मार्गशीर्ष-पौषात पैठण रस्त्याने पहाटे जाणाऱ्यास एक दृश्य हमखास दिसते. उसाच्या फडाच्या कडेला पाचटावर गोधडी अंथरलेली असते आणि तीवर एखादे तान्हे झोपलेले असते. वीटभट्टीवर, बांधकामावर, कापसाच्या वावरात बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीतही असेच बाळ दिसते. चितेगाव-बिडकीन परिसरात कारखाने आले, नवी बांधकामे उभी राहिली. पण हे दृश्य काही गेले नाही.

दुसरीकडे, युरोपच्या उत्तरेकडील देशांत लोक आपली तान्ही मुले हिवाळ्यात मुद्दाम बाहेर झोपवितात आणि ते बाळाच्या हिताचे मानतात. मग आपल्याकडील मजूर आईचे बाळ बाहेर झोपते त्यात वाईट काय, असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारील. प्रश्न रास्त आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचे उत्तर धम्म, शरीरशास्त्र आणि कायदा या तिन्ही अंगांनी शोधण्याचा प्रयत्न करीत आहोत.

१. तथागतांनी थंडी मोजली

विनयपिटकाच्या महावग्गात चीवराचा नियम कसा झाला त्याची हकिकत आहे. वैशालीजवळ गोतमक चैत्याच्या ठिकाणी ऐन कडाक्याच्या थंडीत, हिम पडत असताना, भगवान बुद्ध एक चीवर पांघरून रात्री उघड्यावर बसले. रात्रीचा पहिला प्रहर सरता थंडी वाजली, तेव्हा त्यांनी दुसरे चीवर घेतले. मधला प्रहर सरता तिसरे घेतले आणि शेवटचा सरता चौथे. या अनुभवावरून त्यांनी ठरविले की, ज्याला थंडी सोसत नाही असा भिक्षूसुद्धा दुहेरी संघाटी, एक उत्तरासंग आणि एक अंतरवासक एवढ्यावर निभावून नेऊ शकेल. त्रिचीवराची अनुज्ञा अशी झाली.

या हकिकतीतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, भगवंतांनी नियम करताना रूढी विचारली नाही. स्वतः थंडीत बसून अनुभव घेतला. दुसरी, नियम करताना त्यांनी सर्वांत काटक भिक्षू डोळ्यांसमोर ठेवला नाही. ज्याला थंडी बाधते त्याचा विचार केला. समाजाचे नियम दुबळ्याच्या अंगाने मोजावयाचे असतात. आणि तान्ह्या बाळाहून दुबळे कोण?

अंगुत्तर निकायात आळवीच्या हत्थकाचा प्रसंगही आहे. हिवाळ्यात पानांच्या अंथरुणावर बसलेल्या भगवंतांना त्याने विचारले की, रात्री सुखाने झोप लागली काय? भगवंतांनी होय म्हटले; कारण ज्याचे लोभ, द्वेष व मोह नष्ट झाले त्याला झोप सुखाची लागते. पण हे उत्तर सम्यक् संबुद्धाचे आहे. ते पुढे करून कोणी गरिबाच्या लेकराला थंडीत ठेवील, तर तो धम्माचा विपर्यास होईल. भगवंतांनी थंडी स्वेच्छेने स्वीकारली होती. बाळाला ती निवड नसते.

२. उत्तरेकडील देशांतील रीत

फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क व आइसलंड या देशांत बाळाला बाबागाडीत घालून अंगणात, गच्चीत किंवा दुकानाबाहेर दुपारची झोप देण्याची रीत आहे. फिनलंडमध्ये बालरोगतज्ज्ञ आर्वो यल्प्यो (१८८७-१९९२) यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोकळ्या हवेचा पुरस्कार केला. त्या काळी तेथेही बालमृत्यू फार होते आणि घरे कोंदट व धुराने भरलेली असत. उत्तर फिनलंडमधील पालकांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पालकांनी सांगितले की, बाळ साधारण दोन आठवड्यांचे झाले की बाहेरची झोप सुरू होते, उणे ५ अंश सेल्सियसच्या आसपासचे हवामान तिला चांगले मानले जाते आणि घरातल्यापेक्षा बाहेर बाळ अधिक वेळ झोपते. हे पालकांचे कथन आहे, त्यामुळे तो अंतिम पुरावा मानता येणार नाही. तरी रीत किती रुजली आहे हे त्यावरून कळते.

हीच रीत परक्या देशात गुन्हा ठरू शकते. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये एका डॅनिश आईने उपाहारगृहाबाहेर बाबागाडीत बाळ ठेवले म्हणून तिला अटक झाली आणि बाळ काही दिवस तिच्यापासून दूर ठेवण्यात आले. एका देशात जे संगोपन, ते दुसऱ्यात निष्काळजीपणा.

परंतु या रीतीच्या मागे काय काय उभे आहे ते पाहावे. बाळाच्या अंगावर लोकरीचे थर, टोपी व झोपेची उबदार पिशवी असते. गाडीला वारा अडविणारे छत असते. आई किंवा बाप घरीच, खिडकीपाशी असतो, कारण त्यांना पगारी रजा असते. बाळ कुडकुडले तर दोन पावलांवर ऊबदार घर असते. फिनलंडचे सरकार १९३८ पासून गरीब मातांना बाळाच्या कपड्यांची पेटी देऊ लागले आणि १९४९ पासून ती सर्व मातांना मिळू लागली. म्हणजे बाळ एकटे थंडीत झोपत नाही. त्याच्या भोवती सारे राष्ट्र उभे असते.

३. आपल्याकडील उघडी झोप

आपल्याकडे बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला टोळीत 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाची उचल आधीच अंगावर असते. कोपीत राहायचे, पहाटे अंधारात फडात जायचे. बाळंतीण घरी राहिली तर कोयता अर्धा होतो, म्हणून ती तान्ह्याला घेऊन जाते. कोपीत एकटे ठेवता येत नाही, म्हणून बाळ फडाच्या कडेला झोपते.

इथे दंव आहे, ओले पाचट आहे, वारा आहे. पांघरूण बहुधा जुन्या लुगड्याचे. आई शंभर पावलांवर मोळ्या बांधीत असते. तिला बाळाचे हातपाय लागून बघायला उसंत नाही. फिनलंडमध्ये थंडी बाळासाठी निवडलेली असते, आपल्याकडे ती मजुरीबरोबर येते. हवा दोन्हीकडे मोकळीच, पण आईचे स्वातंत्र्य सारखे नाही. आमच्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे.

४. बाळाचे शरीर आणि थंडी

नवजात बाळाच्या कातडीचे क्षेत्रफळ वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या सुमारे तिप्पट असते. त्यामुळे ऊब भराभर निघून जाते. ती चार वाटांनी जाते : ओले अंग सुकताना, थंड पृष्ठभागाला टेकल्याने, वाऱ्याने आणि जवळच्या थंड भिंतीकडे. मोठा माणूस थंडीत कापून ऊब निर्माण करतो. नवजाताला ते नीट जमत नाही. खांदे, मान व पाठीजवळची तपकिरी चरबी जाळून ते ऊब मिळविते. कमी दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळात ही चरबीही अपुरी असते.

बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस असावे. ३६.५ च्या खाली गेले की बाळ गार पडू लागले असे समजावे. ३२ च्या खाली जिवाला मोठा धोका असतो. गार पडलेले बाळ सुस्त होते, अंगावर ओढत नाही. दूध पोटात नाही म्हणून ऊब नाही, आणि ऊब नाही म्हणून ओढण्याची ताकद नाही, असे चक्र सुरू होते. "बाळ फार शहाणे, रडतच नाही" असे कौतुक करण्यापूर्वी त्याचे पाय हाताने पाहावेत.

थंडीचे भय जसे खरे, तसे अति उबेचेही. बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या बंद करून शेगडी ठेवणे, ओव्या-शेपाची धुरी देणे ही आपल्याकडची जुनी चाल. धुराने बाळाच्या फुप्फुसांना इजा होते आणि बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठून आई-बाळ दोघांचा प्राण जाऊ शकतो. तोंडावरून पांघरूण घेणेही घातक आहे. एखादी गोष्ट परंपरेने चालत आली म्हणून मानू नका, ती हिताची आहे का ते तपासा, हा कालामांना दिलेला उपदेश बाळंतिणीच्या खोलीलाही लागू आहे.

५. गडचिरोलीचा धडा

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. १९९३ पासून त्यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. बाळाचे वजन करणे, तापमान पाहणे, त्याला कपड्यात व उबदार पिशवीत ठेवणे, अंगावर पाजण्यास मदत करणे आणि जंतुसंसर्गावर वेळीच औषध देणे ही कामे त्या करीत. त्या गावांत पहिल्या महिन्यातील बालमृत्यूचे प्रमाण हजारी ६२ होते, ते पाच वर्षांत २५ च्या आसपास आले. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. पुढे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत.

दुसरा धडा कोलंबियाचा. बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस काचपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. हीच 'कांगारू माता पद्धत'. भारतासह पाच देशांत झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मल्याबरोबर ही पद्धत सुरू केल्याने मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगली शेगडी म्हणजे आईची छाती होय. मात्र त्यासाठी आईला बाळाजवळ बसण्याची सवड हवी.

६. बाबासाहेब आणि मातेची सवड

ही सवड कोणी द्यावयाची? परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाला १९२८ साली मुंबई विधिमंडळात उत्तर दिले. प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले की, बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. १९२९ साली मुंबई प्रांतात हा कायदा झाला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४५ साली, खाण कायद्यात दुरुस्ती होऊन खाणीतील स्त्री कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघरांची तरतूद आली.

पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघर आले; १९७६ च्या दुरुस्तीने ३० हून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्याला ते बंधनकारक झाले. १९९६ च्या बांधकाम मजूर कायद्यात ५० हून अधिक स्त्रियांची अट होती. २०१७ साली प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही ५० ची तरतूद आहे. पण मुकादमाच्या टोळीत, दहा जणांच्या वीटभट्टीवर ५० ची संख्या भरणार कशी? कायदा कारखान्याच्या दारापर्यंत आला, फडाच्या बांधावर पोचला नाही. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामाच्या जागीच फिरते पाळणाघर सुरू करून वाट दाखविली होती. ती वाट संस्थांनी चालावयाची आहे.

७. आपण काय करावे

(१) बाळाचे पोट व तळपाय हाताच्या मागच्या बाजूने पाहावेत. दोन्ही गरम तर ठीक. पोट गरम व पाय गार असतील तर लगेच छातीशी धरावे, अंगावर पाजावे. दोन्ही गार असतील तर तसेच छातीशी धरून दवाखाना गाठावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला शासकीय रुग्णालयात मोफत उपचार आहेत.

(२) जन्मल्यावर निदान २४ तास आंघोळ घालू नये. कुंची, मोजे व सुती कपड्यांचे दोन-तीन थर घालावेत. ओले लंगोट लगेच बदलावे.

(३) बाळाला उताणे निजवावे, तोंड उघडे ठेवावे. धुरी व शेगडी बंद करावी.

(४) पहिल्या महिन्यातले किंवा अडीच किलोहून कमी वजनाचे बाळ थंडीत उघड्यावर झोपवू नये. मोठ्या, निरोगी बाळाला ऊन वर आल्यावर, वारा नसलेल्या जागी, कोणीतरी जवळ बसून खुशाल बाहेर निजवावे. मोकळी हवा वाईट नाही.

(५) प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाल्यास ६००० रुपये मिळतात. बँकेत काम करताना आम्हाला दिसते की, खाते आधारशी जोडलेले नसल्यामुळे भगिनींचे पैसे अडकतात. गरोदरपणातच खाते व आधार तपासून घ्यावे.

(६) आपल्या विहारात हंगामाच्या चार महिन्यांत सकाळचे पाळणाघर चालविणे अशक्य नाही. एक खोली, चार पाळणे, दोन सेवाभावी उपासिका आणि आशाताईंची भेट एवढ्यावर सुरुवात होऊ शकेल. जुने लोकरी कपडे धुऊन गोळा करण्याचे काम विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे.

समारोप

मेत्तसुत्तात मैत्रीला उपमा दिली आहे ती आपल्या एकुलत्या एका मुलाचे प्राणपणाने रक्षण करणाऱ्या आईची. आईने आपले काम केलेच आहे. फडात बाळ नेणारी आई प्रेमात कमी पडत नाही. कमी पडते ती तिच्या भोवतीची व्यवस्था. म्हणून तिला दोष न देता तिच्या बाळावर चौथे चीवर घालण्याचे काम समाजाने करावे, एवढेच आमचे समाजबांधवांना नम्र आवाहन आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. त्रिचीवराचा नियम करताना भगवंतांनी कोणाची थंडी विचारात घेतली?
२. फिनलंडमधील व आपल्याकडील उघड्यावरच्या झोपेत कोणते फरक आहेत?
३. पाळणाघराचे कायदे असूनही ऊसतोड मजुरांची बाळे त्यातून का सुटतात?
४. आपल्या वस्तीतील किती बाळांना या हिवाळ्यात उबदार कपडे नाहीत? पाहणी करून यादी तयार करा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.