लढाईहून परतलेले डॉक्टर

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात कौंडण्यपूर हे गाव आहे. गावाजवळून वर्धा नदी वाहते. रुक्मिणीचे माहेर म्हणून लोक या गावाला मानतात. कार्तिक महिन्यात येथे मोठी यात्रा भरते.

मुलांनो, १९४० साली अशा गावात कोणाला ताप भरला तर काय करत असतील? बैलगाडी जुंपायची आणि डॉक्टर असलेले मोठे गाव गाठायचे! त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर होता. त्यांतील बहुतेक डॉक्टर शहरांतच राहत.

त्यातच १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. हिंदी फौज वाढत वाढत २५ लाखांवर गेली. एवढ्या फौजेला डॉक्टर हवेत. म्हणून अनेक तरुण डॉक्टरांना युद्धापुरते अधिकारी नेमण्यात आले.

आपल्या भागाजवळची वैद्यकीय शाळा म्हणजे नागपूरचे रॉबर्टसन मेडिकल स्कूल. तेथे शिकलेल्यांना एल.एम.पी. म्हणत. असे डॉक्टर पूर्वी फौजेत गेले, तर त्यांना जमादार, सुभेदार असे हुद्दे मिळत. पदवीधर डॉक्टर मात्र अधिकारी होई. रुग्ण तेच, काम तेच, पण मान वेगळा! ३ एप्रिल १९४३ रोजी फौजेची वैद्यकीय खाती एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर स्थापन झाली. मग एल.एम.पी. डॉक्टरांनाही अधिकारी होता आले.

ब्रह्मदेशाच्या सीमेवर त्यांचा खरा शत्रू होता डास. १९४३ साली तेथे एका जखमी शिपायामागे १२० आजारी शिपाई मागे पाठवावे लागत. हिवताप टाळण्यासाठी मेपाक्रीनची गोळी रोज घ्यावी लागे. तिने कातडी पिवळी पडे, म्हणून शिपाई ती टाळत. गोळी प्रत्येकाच्या पोटात गेली की नाही, हे पाहणे फार महत्त्वाचे होते.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये लढाई थांबली. पण रुग्णालये भरलेली असताना डॉक्टर लगेच सुटणार कसे? हळूहळू त्यांची पाळी आली. सन्मानाने सेवामुक्त होणे आणि नोकरीतून काढून टाकले जाणे यांत फार मोठा फरक आहे. शिपाई सुटला की त्याला ‘डिस्चार्ज’ म्हणत, अधिकारी सुटला की ‘रिलीज’. पुष्कळ अधिकाऱ्यांना नावापुढे मानद हुद्दा लावण्याची परवानगी मिळाली. म्हणूनच काही दवाखान्यांच्या पाटीवर डॉक्टरच्या नावाआधी ‘कॅप्टन’ असे लिहिलेले दिसे.

मान मिळाला, पण पोटाचे काय? युद्धापुरत्या अधिकाऱ्यांना निवृत्तिवेतन नव्हते, एकदाच थोडी रक्कम मिळे. जुने रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेले असत. एल.एम.पी. डॉक्टरांपुढे तर आणखी एक अडचण आली. १९४६ साली भोर समितीने सांगितले, की यापुढे सर्व डॉक्टरांची पदवी एकच असावी. १९४७ साली नागपूरच्या शाळेचे मेडिकल कॉलेज झाले. फौजेत ज्याला सलाम मिळत होता, तो घरी येऊन कमी शिकलेला ठरला! हे मला न्यायाचे वाटत नाही. एम.बी.बी.एस. होण्यासाठी काही ठिकाणी लहान मुदतीचे अभ्यासक्रम निघाले, पण संसार सांभाळून पुन्हा परीक्षेला बसणे सोपे नव्हते.

काही डॉक्टर फौजेतच राहिले. युद्धकाळातील प्रशिक्षण संस्था एकत्र करून १ मे १९४८ रोजी पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

आणि खेड्यांचे काय? सुरुवातीला ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे भोर समितीने सुचवले होते. पहिली केंद्रे १९५२ पासून निघू लागली. तोपर्यंत ‘कॅप्टन’ डॉक्टरच्या दवाखान्यात पोहोचायलाही खेड्यातल्या माणसाला बैलगाडीच जुंपावी लागे.

शब्दार्थ : हुद्दा – पद, ओहदा. हिवताप – मलेरिया. सेवामुक्त – नोकरीतून मोकळा, फारिग. मानद – केवळ सन्मानासाठी दिलेला.

स्वाध्याय
१. शिपाई मेपाक्रीनची गोळी का टाळत?
२. घरी परतल्यावर एल.एम.पी. डॉक्टरांपुढे कोणती अडचण आली?
३. तुमच्या गावातील आरोग्य केंद्र केव्हा सुरू झाले, ते वडीलधाऱ्यांना विचारून पाच ओळी लिहा.